आडोसा बघून घ्या

९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यातलं पारस, वीज केंद्राचं. बाबूजी महाराज मंदिरात लोक आरतीला जमले होते. वादळ सुटलं, पाऊस आला, माणसं टिनाच्या शेडाखाली गेली. शेजारचा जुना कडुनिंब नेमका त्याच शेडावर कोसळला. ७ जीव गेले.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पाऊस आला की आपणही हेच करतो. आपल्या रिद्धपुरात दर्शनाला बाहेरगावची माणसं येतात, अन् दिसेल त्या आडोशाला उभी राहतात. इथलं कोणतं झाड आतून पोकळ आहे, हे त्यांना कसं कळणार? ते गावालाच माहीत असतं. म्हणून मंदिरं, शाळा, बसथांब्याजवळची झाडं ग्रामपंचायतीनं एप्रिलच्या आधीच तपासावीत. सरसकट तोडा म्हणत नाही, उन्हाळ्यात निंबाची सावली लागतेच. वाळक्या, जड फांद्या तरी छाटा!

वावरात असाल अन् वीज कडाडली, तर संत्र्याखालीही थांबू नका, पक्क्या घरात या. मोबाईलवर 'दामिनी' अ‍ॅप ठेवा, इशारा थोडा आधी मिळतो. गाडीवर असाल तर झाड अन् बोर्ड सोडून थांबा.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडतोय. तुमच्या गल्लीतलं धोक्याचं झाड कोणतं, ते कळवा.