भिलाईचे ऊन आणि बिऱ्हाड

भिलाई हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील पोलादाचे शहर आहे. मुंबई–हावडा लोहमार्गावर नागपूरच्या पूर्वेस सुमारे 265 किलोमीटरवर दुर्ग स्टेशन लागते आणि त्याला लागूनच भिलाईची वस्ती सुरू होते. पोलाद कारखाना, त्याच्या भोवतीचे उद्योग, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आता आयआयटी, यांमुळे महाराष्ट्रातील तरुण कुटुंबांना इथे नोकरी चालून येते. पुणे-नाशिकच्या हवेत वाढलेल्या घरात मग पहिली चर्चा होते ती उन्हाची. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असले की ती चर्चा तिथेच संपते आणि नकार कळवला जातो.

नकार देणाऱ्यांचा पूर्वपक्ष तीन मुद्द्यांवर उभा असतो. एक, इतक्या उन्हात लहान मूल वाढवता येत नाही. दोन, भिलाई हे कारखान्याचे गाव. त्याचे चांगले दिवस सरले आणि धूर तेवढा उरला. तीन, मुलांची मराठी तुटते. तिन्ही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिला मुद्दा उन्हाचा. भिलाई आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर, 21 अंश उत्तरेच्या किंचित वर आहेत. मे महिन्यात दुपारचा पारा 40 ते 42 अंशांवर असतो आणि काही दिवस 44-45 पर्यंत चढतो. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हाच्या नऊ दिवसांना इथे ‘नवतपा’ म्हणतात आणि त्या दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात. हे कोणी नाकारू नये. परंतु शरीराला होणारा त्रास केवळ पाऱ्यावर ठरत नाही. घाम वाळला की अंग थंड होते आणि कोरड्या हवेत तो लवकर वाळतो. मुंबई-कोकणात 34 अंशांतही जीव नकोसा होतो, कारण तिथे घाम वाळत नाही. भिलाईतील एप्रिल-मेची हवा कोरडी असते, म्हणूनच कूलर काम करतो. वाळ्याच्या ओल्या ताटीतून येणाऱ्या हवेची उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनात खर्च होते आणि खोली निवते. त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर नुसती दमट हवा फिरवतो. जूनमध्ये हवेत ओल आली की त्याचा उपयोग संपतो, आणि तेच दोन-तीन आठवडे इथे सर्वांत जड जातात.

लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि त्याच्या अंगातले पाणी लवकर कमी होते. म्हणून काळजी हवीच, पण ती कशाची घ्यायची हे माहीत असले की धास्ती उरत नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला भर उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. त्याला अधिक वेळा पाजावे लागते. मोठ्या मुलाला ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी आणि 12 ते 4 सावलीत राहण्याची शिस्त पुरते. छत्तीसगडी माणूस उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिठाबरोबर खातो. त्या ‘बोरे बासी’मागे हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर इथल्या मराठी घरांनी याच उन्हात मुले वाढवली आहेत. पूर्वपक्षाला अडीच महिन्यांचा उन्हाळा दिसतो; नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या गार सकाळी आणि भरपूर पावसाचे चार महिने मात्र हिशेबात धरले जात नाहीत.

उलट बाजूने दिले जाणारे उत्तरही तितकेच चुकीचे आहे. ‘सवय होते’ आणि ‘एसी लावला की झाले’ ही ती दोन वाक्ये. निरोगी प्रौढाचे शरीर एक-दोन आठवड्यांत उष्णतेशी बरेचसे जुळवून घेते हे खरे. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र त्या सवयीच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सामान हलवू नये. पावसाळ्यानंतर हलवावे, म्हणजे पहिला उन्हाळा येईपर्यंत घर आणि माणसे दोन्ही तयार होतात. एसीमुळे खोलीपुरता प्रश्न सुटतो. शाळेची वाट आणि वीज गेलेली दुपार तशीच राहते. कूलरलाही एक किंमत आहे. त्याच्या टाकीत साचलेले स्वच्छ पाणी डेंगीच्या डासाला सोयीचे असते आणि आठ-दहा दिवसांत अंड्यातून डास तयार होतो. 2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंगीची मोठी साथ आली होती. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करणे हे इथे औषधाइतकेच आवश्यक आहे.

दुसरा मुद्दा कारखान्याच्या गावाचा. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भारतीय रेल्वेचे रूळ प्रामुख्याने इथेच तयार होतात. कायम नोकऱ्या पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाल्या, कंत्राटी काम वाढले, ही तक्रार रास्त आहे. पण शहर संपले असे म्हणणाऱ्याने पुढच्या नोंदीही वाचाव्यात. 2018 मध्ये कारखान्याचे विस्तारीकरण राष्ट्राला अर्पण झाले आणि 2024 मध्ये आयआयटी भिलाईच्या कायमस्वरूपी परिसराचे उद्‌घाटन झाले. मुलांच्या अभ्यासाबाबत तर हे शहर आजूबाजूच्या प्रदेशात आधीपासूनच नावाजलेले आहे.

धुराचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत रायपूर आणि कोरबा यांच्याबरोबर भिलाईचेही नाव आहे. ज्या मुलाला दमा आहे त्याच्या आईवडिलांनी इथे येण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तो नकाराचा असेल तर मानावा. इतरांनी निदान नंदिनी रोड, हथखोज अशा कारखानदारीच्या पट्ट्यांपासून दूर घर पाहावे.

तिसरा मुद्दा भाषेचा. हा प्रदेश मराठी माणसाला परका मानणे इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचे राज्य इथवर पोचले. बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत. 1956 पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक 1900 साली पेंड्र्याहून सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले. शेजारच्या राजनांदगावात अध्यापन करणारे हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हेही मराठीभाषक. दोघांनी हिंदीत मोठे काम केले. आज दुर्गहून गोंदिया रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर आहे. सकाळी निघालेले कुटुंब दुपारचे जेवण महाराष्ट्रात घेऊ शकते. शाळेत मुलांना मराठी मिळणार नाही, ही उणीव आहेच. ती घरातल्या बोलण्याने, आजी-आजोबांच्या मुक्कामाने आणि मराठी पुस्तकांनी भरून काढावी लागते. ज्या घरात मराठी बोलली जाते तिथे ती टिकते. पुण्यात राहूनही ज्या घरात ती बोलली जात नाही, तिथे मुलांच्या तोंडून ती जातेच.

आता मंडनाकडे. उष्ण प्रदेशात शहराची निवड दुय्यम असते. खरी निवड वस्तीची आणि घराची. तिची कसोटी एकच: मेमधील दुपार मूल कुठे आणि कसे घालवते. भिलाईत ही कसोटी लावून पाहता येते. सेक्टर एक ते दहा ही कारखान्याची वसाहत आखताना घर, शाळा आणि बाजार जवळजवळ ठेवले गेले. मेमध्ये साडेबाराला तिथल्या जुन्या रस्त्यावर उभे राहिले तर कडुनिंब आणि गुलमोहराची सावली दिसते, बैठ्या क्वार्टरच्या परसात आंबा आणि मुनग्याचे झाड दिसते, बाहेरून परतणारे पोर सावलीसावलीने घर गाठते. त्याच वेळी शहराच्या कडेला नव्याने पडलेल्या प्लॉटांवर झाड नसते, सिमेंटचा रस्ता तापलेला असतो आणि वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा स्लॅब रात्री अकरापर्यंत धग सोडत राहतो. शहर एकच, पारा एकच. दोन मुलांचा उन्हाळा मात्र वेगवेगळा.

वसाहतीतील जागा कारखान्याची असल्याने तिथे घर प्रत्येकाला मिळणार नाही. नेहरूनगर, स्मृतीनगर, जुनवानी, रिसाली अशा भागांत घर पाहताना चार गोष्टी तपासाव्यात. डोक्यावर उघडा स्लॅब आहे की वर आणखी एक मजला आहे. पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का. मेमध्ये नळाला पाणी किती वेळ येते आणि बोअर आटते का. शाळा व दवाखाना पायी किंवा रिक्षाने दहा मिनिटांत गाठता येतो का. मोठ्या दुखण्यासाठी सेक्टर नऊचे रुग्णालय गावातच आहे आणि रायपूरचे एम्स त्याच महामार्गावर तासाभराच्या आत येते. मेमधील पाण्याबद्दल घरमालकाला न विचारता शेजारणीला विचारावे. आणि घर पाहायला डिसेंबरमध्ये जाऊ नये. करार करण्याआधी मेमध्ये एकदा, दुपारी दोन वाजता, त्या घरात अर्धा तास बसावे. तेवढा अर्धा तास ज्या घरात मूल शांत झोपते, तिथे बिऱ्हाड खुशाल हलवावे.