फॅट पावडर घेण्याआधी गायीपुढचा पेंढा बघा



पाऊस लागला की दरवर्षी तीच तक्रार. फॅट ३.५ च्या खाली लागली, दर कापला. लगेच विचारणा होते, बायपास फॅटचं पाकीट आहे काय? काही जण तर आंबोणावर खोबरेल ओततात, "तेल घातला की फॅट वाढता" म्हणून.

तसं होत नाही. दुधातली जवळपास निम्मी फॅट गाय स्वतःच तयार करते. त्याचा कच्चा माल कोटीपोटात पेंढा-गवत पचवणारे जंतू पुरवतात. मोकळं तेल याच जंतूंना मारतं, खोबरेल तर जास्तच. मग चारा पचत नाही, गाय कमी खाते आणि फॅट वाढायची सोडून उतरते. घाण्यावरच्या खोबऱ्याच्या पेंडीतही तेल राहतं. ती आंबोणाचा एक भाग म्हणून ठीक, सगळं आंबोण तिचंच नको. पावसात खवट वास आला तर देऊच नका.

बायपास फॅट वेगळी. पाम तेलातली फॅट कॅल्शियमशी बांधलेली असते, ती कोटीपोटात न विरघळता पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात सुटते. काम करते, मी नाही म्हणत नाही. पण कोणासाठी? नुकतीच व्यालेली, दहा-बारा लिटरच्या वरची जर्सी किंवा एचएफ, जी खाते त्यापेक्षा जास्त दुधात घालवते. तिला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, पहिले तीन महिने. दोन-तीन लिटरच्या कोकण कपिलेला ही पावडर म्हणजे पैसे शेणात घालणं. आपल्याच दुकानात पाकीट विकतात, तरी हे लिहितोय.

आणखी एक, जे पाकिटावर छापत नाहीत. फॅट खाऊ घातली की दुधातलं प्रोटीन थोडं उतरू शकतं, म्हणजे एसएनएफ पण. तुमचा एसएनएफ ८.५ वर काठावर असेल तर एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने जाईल.

पावसातल्या फॅटचं खरं कारण बहुतेक वेळा कोवळं गवत असतं. पाणी जास्त, तंतू कमी, रवंथ कमी. चरायला सोडण्याआधी उडवीतला दोन-तीन किलो कोरडा पेंढा घाला, आठ-दहा दिवस बघा.

तरीही पाकीट हवं असेल तर शेवटच्या दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या आणि गाय कधी व्याली ती तारीख घेऊन दुकानात या. बसून हिशोब करू.