पडवीतली सायकल

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि लक्षात आले की सातवी पास झालेल्या एका मुलीचा दाखला अजून कपाटातच आहे. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचे हायस्कूल साडेचार किलोमीटरवर. मी तिच्या घरी गेले. तिच्या अम्मी म्हणाल्या, "टीचर, शिकवायचं नाही असं नाही. पण रिक्षाचे पैसे दर महिन्याला कुठून आणू? चालत एकटीला कशी पाठवू? शेजारच्या दोघी सायकलवर जातात, हिला सायकल नाही."

मला माझी लेडीज सायकल आठवली. १९९६ साली मी अकरावीत गेले तेव्हा अब्बांनी शिलाईच्या कमाईतून ती घेतली होती. मोहल्ल्यात कुजबुज झाली. अब्बा एवढेच म्हणाले, "सायकल कॉलेजला जाते, सिनेमाला नाही." निकाहनंतर ती माहेरच्या पडवीत गोणपाटाखाली गेली. अब्बा आता नाहीत. अम्मी म्हणाली, "त्यांची निशाणी आहे, राहू दे की." मी काही बोलले नाही. गोणपाट काढले, धूळ पुसली, हवा भरली. हवा टिकली. मला वाटले, झाले काम!

ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबला आणि उजवी वायर तुटली. डाव्या ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले, नुसते किंचाळले. चपला घासत मी बाभळीच्या कुंपणात जाऊन थांबले. कोपर सोलले. पण रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच विचाराने. ही सायकल मी तशीच त्या मुलीला दिली असती तर?

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या सायकलवाल्या चाचांकडे गेले. टायर तेच ठेवावेत असा माझा आग्रह होता. चाचांनी टायर दोन्ही अंगठ्यांनी दाबला, तर बाजूला बारीक भेगा उघडल्या. म्हणाले, "हवा पे मत जा बेटी. आत ट्यूब नवी घातली तरी हा टायर रस्त्यात फाटणार." न वापरता ठेवलेले रबरही वयाने मरते, हे मी त्या दिवशी शिकले.

मग दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेकच्या वायरी आणि चारही रबरे नवी घातली. रबर रिमलाच टेकले पाहिजे. टायरला घासले तर टायर कापतो. चाक फिरवून आउट काढला. चाक बाजूला हलवून पाहिले तर खडखड होती. हब उघडला, आतले ग्रीस सुकून खडू झालेले. छर्रे बदलून नवे ग्रीस भरले. चेन चांगली निघाली. डिझेलमध्ये भिजवून ब्रशने घासली, कोरडी केली, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला आणि वरचे तेल पुसून टाकले, कारण जादा तेलाला धूळ चिकटते. तेलाचा हात रिमला लागू दिला नाही. तिथे तेल लागले तर ब्रेक घसरतो.

चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी चाचांनी आठवणीने घट्ट केली. आपल्या मुलींची ओढणी, बुरखा अडकतो तो तिथेच. या दोन गोष्टी नसतील तर आधी त्या बसवून घ्या. शेवटी पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहिले. हलले नाही. एकेक ब्रेक दाबून सायकल ढकलली. चाक फिरले नाही. सगळा खर्च १३५० रुपये.

त्या मुलीला बसवून सीट खाली घेतली, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील एवढी. तीन दिवस असरनंतर मैदानात मी तिच्या मागे धावले. दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे, पावसात नेहमीपेक्षा आधीच दाबायचे, हे पुन्हा पुन्हा करून घेतले. एका आठवड्याने सायकल परत चाचांना दाखवली, कारण नवी वायर थोडी ताणते आणि नट सैल होतात.

सायकल न्यायला मुलगी आली त्या सकाळी मी अम्मीकडे पाहायचे टाळत होते. अम्मीच आतून फडके घेऊन आली, सीट पुसली आणि घंटी एकदा वाजवून पाहिली. म्हणाली, "कॉलेजला गेली होती, आता हायस्कूलला जाईल. त्यांना आवडलं असतं."

दाखला त्याच दिवशी कपाटातून निघाला.

तुमच्याही पडवीत, माळ्यावर एखादी सायकल असेल आणि मोहल्ल्यात एखादी मुलगी घरी बसलेली असेल. सायकल जरूर द्या. पण आधी स्वतः चालवून, उतारावर नव्हे, सपाट मैदानात ब्रेक लावून पाहा आणि मगच द्या.