नांगर घातला, बंदूक नाही

न्यूझीलंड आपल्याला क्रिकेटपुरतं ठाऊक. या अंकात तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, जमिनीची गोष्ट आहे. तारानाकी भागातली त्यांची जमीन सरकारने जप्त केली होती. १८७९मध्ये पारिहाका गावच्या माओरींनी बंदूक न उचलता गोऱ्यांच्या ताब्यातल्या शेतांत नांगर घातला. एकाला पकडून नेलं की दुसरा नांगर धरायचा. ५ नोव्हेंबर १८८१ला सुमारे १,६०० शिपाई गावावर चालून आले. वेशीवर पोरं गात उभी होती. बायकांनी पाव भाजून ठेवले होते. गावचे पुढारी ते फिती आणि तोहू यांना खटल्याविनाच डांबलं, घरं पाडली, उभी पिकं उद्ध्वस्त केली. (अहिंसक लढा म्हटलं की आठवणारे गांधीजी तेव्हा बारा वर्षांचे होते!) सरकारी माफी पारिहाकात पोहोचली ती २०१७मध्ये.