राजीनाम्याच्या टेबलावर कंपनीची परीक्षा

वेतनवाढीची पत्रे वाटून झाली आणि बोनस खात्यात जमा झाला, की आपल्या विभागात ‘पेपर टाकणाऱ्यां’ची वर्दळ सुरू होते. हिंजवडी असो, ऐरोली असो की नाशिकचे सातपूर, चित्र फारसे वेगळे नसते. त्याच सुमारास व्यवस्थापनाच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते : हल्लीच्या मुलांना कंपनीबद्दल निष्ठाच राहिलेली नाही. मग उपाय म्हणून नियुक्तिपत्रात आणखी एक कलम वाढते. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा तीन महिने होतो, सर्व्हिस बाँडची रक्कम चढते, ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी हमी लिहून घेतली जाते. ही कलमे लिहिणारे, रुजू होणाऱ्याची सही घेणारे आणि वेळ आली की त्यांवर बोट ठेवणारे आपण मनुष्यबळ विभागाचे लोक असतो. म्हणून हा विषय आपणच नीट तपासून घेतला पाहिजे.

कायद्याची बाजू आधी पाहू. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. कोणालाही वैध व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्याच्या कलम २७ नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. न्यायालयांनी या कलमाचा अर्थ लावताना नोकरी चालू असतानाचा काळ आणि नोकरी सुटल्यानंतरचा काळ यांत फरक केला आहे. त्यातला एक महत्त्वाचा खटला आपल्या कल्याणचा. तिथल्या सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्ड धाग्याचे तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून पैसे मोजून आणि गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. पाच वर्षांच्या करारावर नेमलेला एक शिफ्ट सुपरवायझर प्रशिक्षण घेऊन मध्येच कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराची मुदत संपेपर्यंत त्याला घातलेली मनाई कायम ठेवली. पुढे २००६ मध्ये श्रीरामपूरचा गोलंदाज झहीर खान आणि त्याचे व्यावसायिक काम पाहणारी परसेप्ट डी-मार्क यांच्या वादात न्यायालयाने दुसरी बाजूही तितकीच ठाम मांडली : कराराची मुदत संपल्यावर माणसाला बांधून ठेवणारी अट टिकत नाही.

बाँडबद्दलही गैरसमज दोन्हीकडे आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची तीन वर्षे सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली, तेव्हा अनेक कंपन्यांना हायसे वाटले. पण ते प्रकरण सार्वजनिक बँकेचे होते, तिला खुली भरती प्रक्रिया राबवावी लागते आणि तिचा खर्च खराखुरा असतो. अधिकारी वरिष्ठ श्रेणीतला, चांगल्या पगाराचा होता. शिवाय करार कायद्याचे कलम ७४ आहेच : करारात कितीही रक्कम लिहिली, तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. चार दिवसांच्या इंडक्शनला ‘प्रशिक्षण’ म्हणून नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाकडून दोन लाखांचा बाँड लिहून घेणाऱ्यांनी या निकालाचा आधार घेऊ नये. मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. तो निव्वळ ओलीस धरण्याचा प्रकार आहे.

नोकरी चालू असतानाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न २०२२ मध्ये उघड्यावर आला. विप्रोने स्पर्धक कंपन्यांसाठीही काम करताना आढळलेल्या तीनशे जणांना काढले. इन्फोसिसने आधी कडक ताकीद दिली आणि थोड्याच दिवसांत पूर्वपरवानगी घेऊन, स्वतःच्या वेळेत, कंपनीच्या किंवा ग्राहकांच्या हिताआड न येणारे बाहेरचे काम करण्याची वाट मोकळी केली. ही दोन पावले परस्परविरोधी नाहीत. प्रतिस्पर्ध्याचा पगार घेत आपल्याकडे हजेरी लावणे ही फसवणूक आहे, तिची गय करू नये. पण रविवारी तबल्याचा क्लास घेणारा, रात्री मराठीत पुस्तक लिहिणारा किंवा गावच्या शेतीत भागीदारी असलेला कर्मचारी कंपनीचे काही हिरावून घेत नाही. ‘अन्य कोणताही व्यवसाय करणार नाही’ या एका ओळीत आपण या सगळ्यांना एकाच पारड्यात तोलतो.

आता प्रत्यक्ष टेबलावर काय घडते ते पाहू. पाच वर्षे काम केलेली एक टेस्ट लीड राजीनामा देते. नव्या कंपनीला ती तीस दिवसांत हवी आहे, इथला नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. पत्रात बाय-आउटची सोय आहे, पण ‘व्यवस्थापनाच्या मान्यतेने’, आणि मान्यता मिळत नाही. त्याच पत्रात कंपनीला मात्र नोटिशीऐवजी पगार देऊन तिला केव्हाही मोकळे करण्याचा हक्क असतो. तिचे काम दुसऱ्याकडे सोपवायला पंधरा-वीस दिवस पुरतात. उरलेले दिवस ती कार्ड पंच करते, मीटिंगच्या यादीतून तिचे नाव गळते, जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर नजर चुकवतो. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा होते, पण रिलीव्हिंग लेटर ‘प्रोसेसमध्ये’ असते आणि फुल अँड फायनल दीड महिन्यावर गेलेले असते. आजूबाजूची वीस माणसे हे रोज पाहत असतात. आपल्यावर वेळ आली तर आपलेही असेच होणार, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतर आपण कितीही टाउन हॉल घेतले आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे कितीही वेळा म्हटले, तरी ते शब्द पोकळच वाटतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने राजीनामा दिलेल्यालाही दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते करायला सांगितले आहे. कायद्याने हे सांगावे लागले, ही आपल्या व्यवसायाला भूषणावह गोष्ट नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही काही हिशेब मांडला पाहिजे. तीन ऑफर लेटर खिशात ठेवून रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करणे, ग्राहकांची यादी आणि कोड पेन ड्राइव्हवर घेऊन जाणे, काम अर्धवट टाकून निघून जाणे, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. अशा प्रत्येक प्रकरणानंतर नियुक्तिपत्रात एक कलम वाढते आणि त्याचा जाच पुढच्या प्रामाणिक माणसाला होतो. कामाच्या वेळेत पुरते काम, गुपितांची राखण आणि जाताना नीट हस्तांतर एवढे कंपनीचे हक्काचे मागणे आहे. त्यापलीकडची आपुलकी वागणुकीने मिळवावी लागते, ती सहीने मिळत नाही.

म्हणून एक विनंती. या महिन्यात आपल्या कंपनीचे नियुक्तिपत्र समोर घ्या आणि प्रत्येक कलमापुढे लिहा, हे नेमके कोणते नुकसान टाळते? उत्तर व्यापारी गुपित, ग्राहकांची माहिती किंवा प्रशिक्षणाचा खरा खर्च असेल, तर कलम ठेवा, स्पष्ट भाषेत ठेवा आणि त्याची कठोर अंमलबजावणी करा. उत्तर ‘माणूस निघून जाईल’ एवढेच असेल, तर ते खोडा. नोटिशीची मुदत दोन्ही पक्षांना सारखी करा, बाय-आउट मर्जीवर न ठेवता हक्क म्हणून द्या, बाहेरच्या कामासाठी बंदीऐवजी एक पानाचा परवानगी अर्ज ठेवा. रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशीच हातात द्या. व्यवस्थापन कुरकुर करेल. तेव्हा त्यांना सांगा, की जाणाऱ्याला सन्मानाने सोडणाऱ्या कंपनीवरच राहणारे विश्वास ठेवतात. हे व्यवस्थापनाला ठणकावून सांगणे हे आपलेच काम आहे.