राधेचं प्रकरण कुठाय?

'माय मरो पण मावशी जगो' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. ऐकायला भयंकर आहे, पण माझ्या मते मावशी या बाईबद्दल मराठीत इतकं रोखठोक दुसरं कोणी बोललेलं नाही. आणि गंमत बघा, हे वाक्य कुठल्या लेखकाचं नाही! लेखक मंडळींचं सगळं लक्ष आईकडे.

आचार्य अत्र्यांचंच घ्या. अत्र्यांनी 1953 मध्ये 'श्यामची आई' हा सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. थिएटरात लोक हमसून हमसून रडले. याच अत्र्यांच्या लेखणीतून मराठी रंगभूमीवरची सगळ्यात गाजलेली मावशी उतरली. ती कोण? तर 'मोरूची मावशी'. म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष! मूळ माल विलायती, ब्रँडन थॉमसचं 1892 चं 'चार्लीज आंट'. विजय चव्हाणांनी ते काम असं काही केलं की आजही मावशी म्हटलं की आधी तीच डोळ्यांपुढे येते. तमाशातल्या गौळणीतली मावशीही पुरुषच. मला दोन्ही बघायला आवडतात, खोटं कशाला बोलू. पण हिशेब मांडा की राव. आई आली की रुमाल काढायचा, मावशी आली की शिट्टी मारायची. एवढीच दोन बटणं आहेत का आपल्याकडे?

बरं, खुद्द साने गुरुजींच्या पुस्तकात मावशी आहे. आईच्या शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून शुश्रूषा करणारी सखूमावशी. किती जणांना आठवते? मी ऑफिसात चार मराठी पोरांना विचारलं. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तसं मनालाही जप, हे चौघांना माहीत होतं. सखूमावशी एकालाही नाही. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'त हरितात्या आहेत, पेस्तनकाका आहेत, चितळे मास्तर आहेत, पण एकाही बाईच्या नावाचं प्रकरण नाही. कोकणात, पुण्यात, मुंबईत पुलंना एकही वल्ली आत्या भेटली नसेल? मला पटत नाही. आमच्या शिवाजी पेठेत एका गल्लीत तीन निघतील.

पण माझं खरं भांडण आहे आमच्या कोल्हापूरकरांशीच. आता जरा सावरून बसा, कारण मी 'मृत्युंजय'बद्दल बोलणार आहे आणि तुमच्यापैकी निम्म्यांनी ती बारावीच्या सुट्टीत रात्रभर जागून वाचलेली असणार. मीपण. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. 1967 ची ही कादंबरी. नऊ भाग. त्यातले चार कर्णाचे. उरलेले पाच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना एकेक. प्रत्येकजण आपापल्या तोंडाने आपली बाजू सांगतो.

राधा कुठाय?

जिने सोडून दिलं तिला एक भाग. ज्याने वापरून घेतला त्याला एक. बायकोला, धाकट्या भावाला, इतकंच काय, पलीकडच्या पार्टीतल्या कृष्णालाही एक. आणि जिने वाढवला, जिच्या नावावरून त्याला जन्मभर राधेय म्हणत आले, तिला बोलायला एक पानही नाही. सावंतांनी तिला वाईट रंगवलेलं नाही, उलट प्रेमानेच रंगवलंय. पण ते कर्णाच्या नजरेतून. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर राधेला रीड ॲक्सेस पण दिलेला नाही, नुसता तिचा फोटो लावलाय.

पुढे 1973 मध्ये रणजित देसाईंची कादंबरी आली. देसाई कोवाडचे, म्हणजे तेही याच जिल्ह्यातले. कादंबरीचं नावच 'राधेय'. म्हटलं, आता तरी. पण नाव तिचं आणि कादंबरी त्याची.

आता कोणीतरी म्हणणार की मूळ महाभारतातच राधा छोटी आहे, कादंबरीकार तरी काय करणार? थांबा. गंगेत वाहत आलेली पेटी राधेच्याच नजरेस पडली असं व्यासांनी वनपर्वात सांगितलंय. आणि उद्योगपर्वात कृष्ण जेव्हा कर्णाला 'तू कुंतीचा थोरला, चल, राज्य घे' असं आमिष दाखवतो, तेव्हा कर्ण काय उत्तर देतो ते काढून वाचा. तो म्हणतो की मला पाहून मायेने राधेला पान्हा फुटला, माझं हागमूत तिने काढलं, आता तिचं पिंडदान मी कसं चुकवू? साम्राज्य एका बाजूला आणि लंगोट बदलणारी बाई दुसऱ्या बाजूला, आणि पारडं बाईकडे झुकतं. इतक्या जुन्या ग्रंथाला हे लिहायला लाज वाटली नाही. आपल्या आधुनिक, मानसशास्त्र कोळून प्यायलेल्या कादंबरीला मात्र ही बाई नुसती 'प्रेमळ' म्हणून पुरली.

दुसरा आक्षेप यशोदेचा. 'अरे, यशोदा आहे की, अख्खी संतपरंपरा तिचं कौतुक करते!' करते. पण भागवतातली यशोदा झोपेत असताना बाळांची अदलाबदल झाली. तिच्या लेखी कृष्ण तिच्याच पोटचा. म्हणजे ती आईच झाली की, फक्त माहितीअभावी. राधेला पेटी उघडल्या क्षणापासून माहीत आहे की हे पोर आपलं नाही, आणि तरी ती त्याला वाढवते. अवघड काम कोणाचं?

हे सगळं वाङ्मयीन वाटत असेल तर घरचं सांगतो. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पहाटेच्या एसटीने राधानगरीकडे जायची, ती संध्याकाळी यायची. मला वाढवलं अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याने. डबा, पाढे, गोवर, सायकलवरून पडल्यावरची हळद, सगळं अक्का. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. मी कंपनीचं मेडिक्लेमचं पान उघडलं. ड्रॉपडाऊनमध्ये आई, वडील, सासू, सासरे. संपलं. एचआरवाल्याला फोन केला. बिचारा सभ्य होता. सगळं ऐकून म्हणाला, 'पण सर, तुमच्या मदर आहेत ना?'

आहेत. आणि आईला विचारलंत तर तीही हेच सांगेल की याला अक्काने वाढवलं.

विम्याची पॉलिसी काही साहित्यिक लिहीत नाहीत, कबूल. पण 'मदर आहेत ना' हा प्रश्न त्या पोराने कुठून आणला? त्याच डोक्यातून, जिथे आई म्हणजे एकच आणि बाकीच्या सगळ्या मदतनीस. आपण तर आता भांडी घासणाऱ्या बाईला मावशी म्हणतो, पाळणाघरातल्या बाईला मावशी म्हणतो. नातं बोलण्यात आलं, की पगाराचा विषय काढायला दोघांनाही अवघड होतं, हा सोयीचा भाग वेगळाच. हिंजवडीतल्या निम्म्या पोरांचा पहिला शब्द ऐकणारी बाई कोण असते, ते जरा आठवा.

मराठीत कोणी लिहिलंच नाही असंही नाही. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा बघा. शिक्षण अडवलं गेलेली, बिनलग्नाची, वाड्यातल्या पोरांची आत्या. ती हसवतही नाही, त्याग करून पवित्रही होत नाही. ती चिडलेली आहे, आणि तिचं चिडणं ऐकून घेणारं नाटक आहे ते. लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'तली संतामाय, म्हणजे त्यांची आजी, नातवाला वाढवते आणि पुस्तकभर हाडामांसाची राहते. तिकडे इंग्रजीत डिकन्सची बेट्सी ट्रॉटवुड 1850 पासून भाच्याच्या पोरासाठी कमरेला पदर खोचून भांडते आहे. (तिला पदर नव्हता, पण समजून घ्या.) म्हणजे जमतं. बसून लिहावं लागतं, इतकंच.

आणि कोल्हापूरला तर हे देवळातच शिकायला मिळतं. नवरात्रात ललितापंचमीला आई अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. का? तर विजयाच्या उत्सवाचं बोलावणं त्र्यंबोलीला द्यायचं राहून गेलं आणि ती रुसली. कोणी तिला अंबाबाईची बहीण म्हणतं, कोणी सखी. बहीण धरली तर अख्ख्या गावाची मावशीच की ती! तिची समजूत काढायला आई स्वतः टेकडी चढते, दरवर्षी. लहानपणी अक्काच्या कडेवरून मी ती गर्दी बघितलीय.

तर आमच्या जिल्ह्यात कादंबरी लिहायला बसलेलं कोणी हे वाचत असेल तर एक मागणी आहे. ते हस्तिनापूरचं रंगमैदान घ्या. कर्णाला अभिषेक झालाय, अधिरथ धापा टाकत येतो, कर्ण ओल्या डोक्याने त्याच्या पाया पडतो, भीम हसतो. तिकडे कुंतीला भोवळ आली होती हे सगळ्यांनी लिहून झालंय. अधिरथाने घरी येऊन राधेला काय सांगितलं आणि ती त्यावर काय म्हणाली, ते मला वाचायचंय. तिच्या तोंडून.