चाव्यांचा मान

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चा नरकखंड शिकवताना एकोणिसाव्या सर्गापाशी एक प्रश्न हमखास येतो. आठव्या वर्तुळातील खडकात गोल खड्डे आहेत. त्यांत माणसे डोके खाली, पाय वर अशी रोवलेली असून त्यांच्या तळपायांवर ज्वाळा फिरत आहेत. धर्मातील पदे पैशाला विकणाऱ्यांची ही शिक्षा. त्यांतला एक पोप तिसरा निकोलस आहे. कवीची चाहूल लागताच त्याला वाटते की आठवा बोनिफेस आला, आणि तोही ठरल्या वेळेच्या आधीच. काव्याचा काळ १३०० सालचा. त्या वर्षी बोनिफेस जिवंत होता, गादीवर होता. विद्यार्थी विचारतात : हा कवी श्रद्धावान कॅथलिक कसा म्हणायचा?

याची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले, दान्ते मनाने प्रॉटेस्टंट होता, केवळ दोनशे वर्षे आधी जन्मला. दुसरे, बोनिफेसच्या राजकारणामुळे त्याला १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार व्हावे लागले, त्याचा हा वैयक्तिक सूड. कवीच्या संतापाकडे श्रद्धावंताने दुर्लक्ष करावे. पहिले उत्तर बंडखोरांना आवडते, दुसरे आज्ञाधारकांना. वस्तुतः दोन्ही उत्तरांचे गृहीतक एकच आहे : खरा कॅथलिक पोपवर टीका करीत नाही. आम्हांला हे गृहीतकच अमान्य आहे. ते दान्तेच्या पाठ्यात नाही, आणि कॅथलिक परंपरेतही ते वाटते तितके जुने नाही.

पाठ्य पाहू. त्याच सर्गात निकोलसला खडे बोल सुनावताना दान्ते थबकतो आणि सांगतो की, पेत्राच्या चाव्यांविषयीचा आदर आड येतो म्हणून, नाहीतर याहून कठोर बोललो असतो. हे वाक्य शोभेचे मानून पुढे जाणाऱ्यांनी शुद्धिलोकाचा एकोणिसावा सर्गही वाचावा. तेथे पाचवा एड्रियन हा पोप लोभाचे प्रायश्चित्त घेत जमिनीवर पालथा पडला आहे. तो कोण हे कळताच कवी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. एड्रियन त्याला उठवतो : मीही तुझ्यासारखाच एक सेवक आहे. पुढच्याच सर्गात १३०३ ची आनान्यी येथील घटना येते. फ्रान्सच्या राजाच्या माणसांनी बोनिफेसला त्याच्याच वाड्यात घुसून पकडले होते. ज्याच्यासाठी कवीने खड्डा राखून ठेवला, त्याच बोनिफेसच्या या अपमानात त्याला ख्रिस्ताची पुन्हा झालेली विटंबना दिसते. सूड घेणारा माणूस असे लिहीत नाही. स्वर्गखंडात तर खुद्द संत पेत्र संतापाने लाल होऊन आपली गादी बळकावणाऱ्याचा धिक्कार करतो. पदाचा मान आणि पदस्थाचा दोष एकाच मनात, एकाच काव्यात नांदतात, आणि एकामुळे दुसरा पातळ होत नाही. उलट पद पवित्र आहे म्हणूनच दोष असह्य आहे. ज्याला चाव्यांचे मोल नाही, त्याला त्या विकल्या गेल्याचे दुःख कशाला होईल?

रोमला हे समजायला वेळ लागला, पण समजले. दान्तेचा ‘मोनार्किया’ हा प्रबंध १८८१ पर्यंत निषिद्ध ग्रंथांच्या यादीत होता. पुढे १९२१ मध्ये कवीच्या सहाशेव्या स्मृतिवर्षी पंधराव्या बेनेडिक्टने त्याच्या गौरवार्थ परिपत्र काढले, आणि २०२१ मध्ये फ्रान्सिस यांनीही त्याच्यावर पत्र लिहिले. पोपांना नरकात घालणाऱ्याचा पोपांनी सन्मान केला. त्यांचे आज्ञाधारक भक्त मात्र अजून संकोचतात.

कवीला कवी म्हणून सूट मिळाली, असे कोणी म्हणेल. मग सिएनाच्या कॅथरीनचे काय करायचे? एका रंगाऱ्याची ही मुलगी. पोप तेव्हा रोम सोडून आव्हिन्यों येथे राहत. १३०९ पासून हे चालले होते. तिने अकराव्या ग्रेगरीला पत्रे पाठवली, १३७६ मध्ये स्वतः तेथे गेली, आणि भित्रेपणा सोडून मर्दासारखे रोमला परता, असे त्याला सांगितले. त्याच पत्रांतून ती त्याला पृथ्वीवरचा गोड ख्रिस्त म्हणते, आणि टस्कनीतील मुले बापाला ज्या लाडक्या नावाने हाक मारतात त्या नावाने हाक मारते. मराठी वाचकाला येथे जनाबाईचे विठोबाशी भांडण आठवेल. तुलना मोहात पाडणारी आहे, पण पुरत नाही. जनीला विठोबाचा कारभार बदलायचा नव्हता. कॅथरीनला पोपचा बदलायचा होता. जानेवारी १३७७ मध्ये ग्रेगरी रोमला परतला. तिला संतपद १४६१ मध्ये मिळाले, आणि १९७० मध्ये सहाव्या पॉलने तिला धर्मपंडिता हा दुर्मिळ किताब दिला. टीका हा श्रद्धेचा भंग असता, तर हे घडते ना.

मग मौन म्हणजेच निष्ठा ही कल्पना आली कोठून? आमच्या मते ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे. पोपचे राज्य हातचे जात होते, युरोपातील सरकारे चर्चवर चालून येत होती. अशा वेळी पोपच्या व्यक्तीभोवती एक भक्तिसंप्रदायच उभा राहिला. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या प्रमादातीततेचा सिद्धान्त मांडला. तो सिद्धान्त अतिशय अरुंद आहे : श्रद्धा वा नीती या विषयांवर, सर्व चर्चला बंधनकारक म्हणून, आपल्या पीठावरून केलेली गंभीर घोषणा तेवढी चुकीपासून मुक्त. त्यानंतर अशी घोषणा उघडपणे झाली ती एकदाच, १९५० मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाची. बिशपांच्या नेमणुका, मुत्सद्देगिरी, विमानातल्या मुलाखती यांना हे कवच कधीच नव्हते. लोकसमजुतीने मात्र ते पोपच्या शिंकेपर्यंत ताणले. जॉन हेन्री न्यूमनने १८७५ मध्येच ड्यूक ऑफ नॉरफोकला लिहिलेल्या प्रकट पत्रात बजावले होते की, प्याला उंचवायचाच झाला तर आधी विवेकासाठी, मग पोपसाठी. त्याच न्यूमनला २०१९ मध्ये संत आणि २०२५ मध्ये धर्मपंडित घोषित करण्यात आले.

आणि ज्यांना संतांपेक्षा कायद्याचा आधार हवा, त्यांच्यासाठी १९८३ च्या चर्चसंहितेचे २१२ वे कलम आहे. आपले ज्ञान, योग्यता व स्थान यांनुसार श्रद्धावंतांनी चर्चच्या हिताविषयीचे मत आपल्या धर्मपालांना कळवावे. हा त्यांचा हक्क आहे, कधीकधी कर्तव्यही. अट आदराची.

अडचण या आदराचीच आहे. एका पक्षाने त्याचा अर्थ तोंड बंद ठेवणे असा केला. दुसऱ्याने त्याला पत्राचा मायना करून टाकले : आरंभी ‘पुत्रवत आदराने’ असे लिहायचे आणि खाली पोपला पाखंडी ठरवायचे. शिवाय हे पक्ष सोयीने जागा बदलतात. दुसरे जॉन पॉल आणि सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात ज्यांनी प्रत्येक शंकेखोराला आज्ञापालनाचे धडे दिले, त्यांतील कित्येकांना फ्रान्सिस निवडून येताच विवेकस्वातंत्र्य आठवले. आणि जे तोवर विवेकाचा झेंडा नाचवत होते, त्यांना अचानक पोपनिष्ठा प्रिय झाली. अशांना टीकाकार म्हणावे की मतदार, असा आम्हांला प्रश्न पडतो. आदर शब्दांच्या मऊपणात नसतो. कॅथरीन मऊ बोलली नाही. नेमक्या कृतीवर बोट ठेवणे, ते त्या माणसाला पोचेल असे सांगणे, खाली स्वतःचे नाव घालणे, आणि तो सुधारला तर आनंद होईल अशी मनाची तयारी ठेवणे, एवढे आम्ही आदर या शब्दात धरतो. शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ.

याची किंमत काय असते, हे २०१८ च्या चिलीतल्या प्रकरणाने दाखवले. फर्नांदो कारादिमा या पाद्र्याच्या लैंगिक अत्याचारांकडे हुआन बारोस यांनी डोळेझाक केली, असा पीडितांचा आरोप होता. फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्याच बारोस यांना ओसोर्नोचे बिशप नेमले होते. जानेवारी २०१८ मध्ये चिलीतच पत्रकारांनी विचारताच फ्रान्सिस म्हणाले की, पुरावा नाही, ही सगळी बदनामी आहे. दोनच दिवसांनी बॉस्टनचे कार्डिनल शॉन ओमॅली यांनी जाहीर निवेदन काढले : पोपच्या या शब्दांनी पीडितांना मोठे दुःख होणे समजण्यासारखे आहे. हे ओमॅली फ्रान्सिस यांचे विरोधक नव्हेत. त्यांनीच नेमलेल्या सल्लागार मंडळातले, बालसंरक्षण आयोगाचे प्रमुख. महिनाअखेर पोपनी चौकशीसाठी आर्चबिशप शिक्लूना यांना धाडण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये त्यांनी आपल्याकडून गंभीर चुका झाल्याचे लेखी कबूल केले, पीडितांना बोलावून क्षमा मागितली. मे महिन्यात चिलीच्या सर्व बिशपांनी राजीनामे देऊ केले आणि जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा मंजूर झाला. पीडित वर्षानुवर्षे बोलतच होते, त्यांचे श्रेय आधी. पण ज्यांनी त्या जानेवारीत ‘पोपवर बोलू नये’ म्हणून मौन पाळले, त्यांच्या आदराने नक्की कोणाचे रक्षण होत होते?

तेव्हा टीका करता येते का, हा प्रश्न आमच्या लेखी संपलेला आहे. न संपलेला प्रश्न ऐकण्याचा आहे. २१२ वे कलम बोलण्याचा हक्क देते, पण उत्तर देण्याचे बंधन कोणावरही घालत नाही. २०१६ मध्ये चार कार्डिनलांनी ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्राविषयी पाच लेखी शंका पाठवल्या. त्यांच्या मतांशी आम्ही सहमत नाही, पण रीत चोख होती : खाजगी, सही केलेली, नेमकी. उत्तर न आल्यावर त्यांनी त्या छापल्या. तरीही थेट उत्तर आले नाही, आणि चौघांपैकी दोघे २०१७ मध्ये वारले. उलट दिशेने पाहा. मुंबईत जन्मलेले आणि लोणावळ्यात साधनेचे वर्ग घेणारे येशूसंघीय अँथनी डिमेलो १९८७ मध्ये निवर्तले. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाने त्यांच्या काही मतांना श्रद्धेशी विसंगत ठरवणारे पत्रक काढले. वरून खाली येणाऱ्या टीकेला कचेरी आहे, कार्यपद्धती आहे, मृतापर्यंत पोचण्याची चिकाटी आहे. खालून वर जाणाऱ्या टीकेला टपालपेटी तेवढी आहे.

मे २०२५ पासून चौदावे लिओ गादीवर आहेत. ते स्वतः चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट घेतलेले. २१२ व्या कलमाला एक चौथे उपकलम जोडावे, असे आम्ही सुचवतो : सही केलेल्या, नेमक्या आणि सभ्य हरकतीला ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळेल. उत्तर ‘नाही’ असले तरी चालेल.